शाळेच्या कपाटातली अमोनियाची जुनी बाटली: ठेवायची कुठं, संपवायची कशी?

कणकुंबीचा पाऊस
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी यंदा जूनपासून विज्ञान शिकवते. आधीचे सर निवृत्त झाले, चाव्या माझ्याकडे आल्या. परवा पाऊस जरा उघडला म्हणून प्रयोगशाळेचं लाकडी कपाट पहिल्यांदा पूर्ण उघडलं. आतल्या एकूण एक बाटलीवर पांढरी भुकटी बसलेली, जणू पिठाच्या गिरणीत ठेवल्या होत्या. बोटानं पुसली की निघते, पण जिथं झाकण आहे तिथं खडे झालेत.

सगळ्यात वरच्या फळीवर, माझ्या डोक्याच्याही वर, तपकिरी काचेची अर्ध्या लिटरची बाटली आहे. चिठ्ठी कसरीनं खाल्लेली. अमोनियाच्या इंग्रजी नावातली शेवटची तीन अक्षरं आणि '२५ टक्के' एवढंच वाचता येतं. उजेडात धरली तर साधारण ३०० मिली द्रव दिसतो. तिला खेटून हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली. शिपाईमामा म्हणाले, "बाई, जरा झाकण काढून वास बघा की, लगेच कळतंय." मी नको म्हटलं आणि दोन्ही बाटल्या होत्या तशाच ठेवून कपाट बंद केलं.

माझे प्रश्न असे. ही बाटली अमोनियाचीच आहे हे कसं ओळखायचं? ठेवायची असेल तर कुठं? टाकायची असेल तर कुठं आणि कशी? शाळेमागं ओढा आहे, तो पुढं मलप्रभेला मिळतो, त्यामुळं मोरीत ओतून मोकळं व्हायला मन घेत नाही. दोन आठवड्यांनी नववीला आम्ल-आम्लारी सुरू करायचं आहे आणि वर्गात चाळीस मुलं आहेत.

शहापूरकर
बाई, वास घेतला नाहीत हे लाखमोलाचं केलंत. जाणकार येईपर्यंत हात लावू नका.

जुना लॅबवाला
बेळगावातल्या एका कॉलेजात ३१ वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. तुम्ही सांगितलेल्या पांढऱ्या भुकटीवरूनच निम्मं उत्तर मिळालं. अमोनियाची वाफ आणि हायड्रोक्लोरिकची वाफ हवेत भेटली की नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराईड तयार होतं. तेच बाटल्यांवर बसलंय. याचा अर्थ दोन्ही झाकणं थोडी थोडी गळतात आणि ही दोघं वर्षानुवर्षं शेजारी बसलीत. पहिलं काम म्हणजे आम्लाची बाटली हलवा. दोन्ही बाटल्या एकदम हातात घेऊ नका.

आता उघडायचं. २५ टक्क्यांचं अमोनियाचं द्रावण साधारण ३८ अंशांना उकळायला लागतं. तुमच्याकडं आता पावसाळी गारवा आहे म्हणून बरं, पण हीच बाटली एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत असती तर आत वायू दाटून बसला असता. अशा बाटलीला वर काळं फिरकीचं झाकण आणि आत प्लास्टिकचं बूच असतं. झाकण फिरवलं की ते बूच उडतं आणि मागून द्रावण येतं.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. एप्रिलचा महिना, दुपारी दोनची बॅच, परीक्षेची घाई. आमच्यातल्या एकानं बाटली छातीशी धरून झाकण फिरवलं. 'फस्स' झालं आणि त्याचा सगळा शर्ट भिजला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. खरं त्याला श्वासच घेता येईना. तोंड उघडायचा, आणि हवा आत जायची नाही. तसाच ओढत व्हरांड्यात नेला, शर्ट काढला आणि नळाखाली धरला. त्यानंतर आमच्या लॅबमध्ये नियमच झाला: अमोनिया सकाळी पहिल्या तासाआधी उघडायचा, आणि त्याआधी तासभर बाटली गार पाण्याच्या बादलीत.

तुम्ही असं करा. सकाळची वेळ, उघडी जागा, वारा पाठीवर. बाटली गळ्यापर्यंत गार पाण्यात तास-दीड तास. बाजू बंद असलेला चष्मा, रबरी हातमोजे, पायात बूट. झाकणावर ओलं फडकं टाका, तोंड लांब ठेवा आणि पाव फेरा फिरवून थांबा. वायू निघू द्या, मग पुढचा पाव फेरा. झाकण हलत नसेल तर बाटलीची मान मेणबत्तीवर गरम करायची जुनी सवय असते बऱ्याच जणांना. ती इथं अजिबात नको.

ओळखायला नाक लागत नाही. तांबडा लिटमस पाण्यात भिजवून काचकांडीच्या टोकाला चिकटवा आणि बाटलीच्या तोंडाजवळ धरा. द्रावणाला न लागता तो निळा झाला तर वाफ आम्लारी आहे. मग दुसरी कांडी हायड्रोक्लोरिकमध्ये बुडवून जवळ न्या. दाट पांढरा धूर आला की अमोनियाच.

बेळगावी बासमती
+१. काका, तुमच्यासारखे सहायक आता मिळत नाहीत. आमच्या वेळी लॅबवाले मामा हेच खरे शिक्षक होते, सर फक्त जर्नलवर सही करायचे.

मोल
लॅबवाला काकांशी सहमत, थोडी भर घालतो. अमोनिया पाण्यात किती विरघळतो हे मुलांना कारंज्याच्या प्रयोगात आपण दाखवतो ना? एका लिटर पाण्यात साध्या तापमानाला ७०० लिटरच्या आसपास वायू मावतो. म्हणून अमोनियानं भरलेल्या चंबूत पाण्याचे चार थेंब गेले की खालचं पाणी उसळून वर येतं. डोळे, नाक, घसा यांना तो इतका झोंबतो तेही याचमुळं. तिथं ओल असते आणि वायू त्या ओलीत शिरून आम्लारी बनतो.

कामाच्या जागी आठ तासांसाठी दहा लाख भागांत २५ भाग ही मर्यादा धरतात. ३०० भागांना जिवाला तात्काळ धोका मानतात. नाकाला वास त्याआधीच कळतो हे खरं, पण सतत वासात राहिलं की नाक बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वास गेला. त्यावर भरवसा नको.

आणि करोनात घेतलेले मास्क घालून कोणी हे काम करायला जाऊ नये. ते धुळीसाठी आणि थेंबांसाठी असतात, वायू त्यातून सरळ जातो.

चिकोडी पेठ
एवढं कशाला? आम्ही कॉलेजात असताना नळ पूर्ण सोडायचो आणि बाटली ओतून द्यायचो. भरपूर पाणी घाला, संपलं. अमोनिया काय, गोठ्यातपण असतोच की.

दूधगंगा
चिकोडी पेठ, गोठ्यातला अमोनिया आणि २५ टक्क्यांची बाटली यात फरक आहे. आमचा मासेमारीचा धंदा आहे, तलाव ठेक्यानं घेतो, म्हणून हे आम्हाला पाठ झालंय. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक मुक्त अमोनिया, तो माशाच्या कल्ल्यातून सरळ रक्तात जातो. दुसरा अमोनियम, तो त्या मानानं सोसवतो. मुक्त अमोनिया लिटरला एक मिलिग्रॅमच्या आतच मासे मारतो.

आता बाईंच्या बाटलीचा हिशेब करा. ३०० मिली, २५ टक्के, म्हणजे अंदाजे ६८ ग्रॅम अमोनिया. लिटरला एक मिलिग्रॅम धरलं तर ६८ हजार लिटर पाणी बिघडवायला पुरेल. नळ सोडून कुणी ६८ हजार लिटर सोडत नाही. पावसाळ्यात ओढा वाहता असतो तेव्हा कदाचित निभेल, पण फेब्रुवारीत त्या ओढ्यात डबकी उरतात.

मोल
दूधगंगा यांचा हिशेब बरोबर आहे, आणि तोडही त्यातच आहे. मुक्त अमोनिया किती राहणार हे सामूवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा आम्लारी आहे ते सांगणाऱ्या आकड्यावर (pH) ठरतं. सामू ७ असेल तर शंभरातला एक भागही मुक्त राहत नाही. ९ झाला की एक तृतीयांशाच्या आसपास मुक्त. म्हणून आधी उदासिनीकरण करायचं, म्हणजे आम्ल घालून सामू ७ च्या आसपास आणायचा, मगच ओतायचं.

आम्ल थेट बाटलीत मात्र ओतू नका. तीव्र अमोनियात तीव्र आम्ल ओतलं तर उकळी फुटते आणि धुराचा लोट उठतो. आधी अमोनिया भरपूर पाण्यात सोडायचा, मग विरल आम्ल थोडं थोडं.

कणकुंबीचा पाऊस
सगळ्यांचे आभार. आम्लाची बाटली आज दुसऱ्या खोलीत हलवली, प्लास्टिकच्या टबात ठेवली. मोल सर, आम्ल किती लागेल? आणि तीव्र हायड्रोक्लोरिक हाताळायचंच नसेल तर दुसरं काही चालेल का? एका झोंबणाऱ्या बाटलीसाठी दुसरी झोंबणारी बाटली उघडायची भीती वाटते.

मोल
भीती रास्त आहे. ६८ ग्रॅम अमोनिया म्हणजे ४ मोल (रेणू मोजायचं एकक). तीव्र हायड्रोक्लोरिक घेतलं तर ३५० मिलीच्या जवळपास लागेल. त्याऐवजी सायट्रिक ॲसिड घ्या, किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं. एक रेणू तीन रेणू अमोनियाला पुरतो, म्हणजे २८० ग्रॅम. पाव किलोची दोन पाकिटं आणा. त्याची वाफ नाही, सांडलं तर झाडूनं गोळा होतं. डोळ्यात मात्र जाऊ देऊ नका, तेही झोंबतंच.

घरचा व्हिनेगार चालेल का असं कोणी विचारण्याआधी सांगतो, चालेल, पण पाच लिटर लागेल.

नर्सताई निपाणी
इथं अजून डोळ्यांचं कुणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहिते. सरकारी दवाखान्यात नोकरी झाली माझी. लोकांना वाटतं आम्ल जास्त घातक, आम्लारी कमी. डोळ्याच्या बाबतीत उलटं आहे. आम्लानं वरचा थर साकळतो आणि ते तिथंच बरंचसं अडतं. आम्लारी पेशींतली चरबी विरघळवत आत जाते, आणि अमोनिया तर फार लवकर आत जातो.

एकदा एका मुलाला आणलं होतं. शाळेत डोळ्यात उडालं, घरच्यांनी आधी लोणी लावलं, मग गुलाबपाणी घातलं, मग कुणीतरी सांगितलं म्हणून लिंबाचा थेंब. का, तर आम्लारीवर आम्ल! तासाभरानं आमच्याकडं आले. डोळा पांढरट दिसत होता. आईला विचारलं, पाण्यानं धुतला का? ती म्हणाली, पाणी लागून अजून चिघळेल असं वाटलं. त्या माउलीला मी काय बोलणार होते? त्या शाळेत कुणी तिला सांगितलंच नव्हतं.

म्हणून पाणी, आणि फक्त पाणी. पापण्या बोटांनी उघड्या धरून, नळाची धार मंद ठेवून, कमीत कमी १५ ते २० मिनिटं. घड्याळ लावून. मूल रडेल, ओरडेल, हात झटकेल, तरी सोडायचं नाही. एकानं धुवायचं आणि दुसऱ्यानं रिक्षा बोलवायची. दवाखान्यात नेतानाही बाटलीनं पाणी घालत राहायचं. काय उडालं ते चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.

छातीत गेलं असेल तर मोकळ्या हवेत बसवा, झोपवू नका. आणि "आता बरं वाटतंय" म्हणून लगेच घरी पाठवू नका. खोकला आणि धाप काही तासांनी वाढू शकते.

अनगोळ आयटीआय
ताई, तुमचा प्रतिसाद छापून आमच्या वर्कशॉपमध्ये लावतोय. मी आधी बर्फाच्या कारखान्यात होतो, तिथं अमोनिया नळ्यांतून फिरवतात. गळती झाली की आमचे जुने मिस्त्री ओरडायचे, "वाऱ्याबरोबर पळू नका, वाऱ्याला आडवं पळा!" तोंडावर ओला पंचा धरायचा, कारण ओल अमोनिया ओढून घेते. तेवढ्यानं बाहेर निघण्यापुरता वेळ मिळतो, काम करण्यापुरता नाही. पितळेचे कॉक तिथं कधी वापरायचे नाहीत, अमोनिया तांबं-पितळ खातो. शाळेतही पितळेचा तराजू त्याच कपाटात असेल तर बघा, हिरवा पडला असेल.

कणकुंबीचा पाऊस
अहो, पडलाय हिरवा! मला वाटलं पावसाच्या दमटपणानं.

गूळपोळी
धागा वाचून एक विचारू का? विषय जवळचाच आहे. आमचं निपाणीकडं गुऱ्हाळ आहे. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून पूर्वी हायड्रॉस पावडर घालायचे. आजोबांच्या काळी रानभेंडीच्या चिकानं मळी काढायचे, आम्ही परत त्यावर आलोय. खरं पावडरचा एक जुना डबा शेडमध्ये पडलाय. गेल्या पावसात दुसऱ्या एका पोत्यावर पाणी गळलं तर त्यातून धूर निघायला लागला आणि माचिस ओढल्यासारखा उग्र वास. आई खोकून बेजार झाली. हे काय असतंय?

मोल
गूळपोळी, ते सोडियम हायड्रोसल्फाईट. त्याला थोडं पाणी लागलं की ते स्वतःच तापतं, कधी पेटतंही, आणि सल्फर डायऑक्साईड सोडतं. तोच माचिसचा वास. म्हणून धूर निघणाऱ्या ढिगावर तांब्याभर पाणी ओतणं सगळ्यात वाईट. आग लागली तर ती दाबायला भरपूर पाणीच हवं आणि अग्निशमनवाले हवेत. डबा कोरड्या जागी, घट्ट झाकणाचा, लाकूड आणि चिपाडापासून लांब, आणि आम्लाच्या आसपास नको. डबा ओला किंवा गरम लागला तर उघडूच नका, बाहेर मोकळ्यावर ठेवा.

रानभेंडीवर परत आलात हे फार छान केलंत.

बेळगावी बासमती
अवांतर: गूळपोळी, गूळ कुठं मिळेल? मांड्यासाठी चांगला गूळ शोधतेय.

गूळपोळी
ताई, गुऱ्हाळ दिवाळीनंतर लागतंय. तेव्हा कळवतो.

पीयूसी केमिस्ट्री
मुख्य धाग्यावर येऊ. बारावीपर्यंत शिकवतो म्हणून तीन गोष्टी, ज्या शाळांमध्ये हमखास घडतात.

पहिली, कपाटातला क्रम. बहुतेक ठिकाणी बाटल्या इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे लावतात. त्यामुळं ॲसेटिक ॲसिड आणि अमोनिया एका फळीवर येतात. दिसायला नीटनेटकं, पण शोधायला जे सोपं ते ठेवायला सुरक्षित नसतं. आम्लं एकीकडं, आम्लारी दुसरीकडं, ब्लीचिंग पावडर आणि आयोडीन तिसरीकडं. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाईन वायू होतो, तो फुप्फुसाला फार वाईट. घरी संडास धुतानाही हे लक्षात ठेवा.

दुसरी, आयोडीन आणि अमोनिया. या दोघांपासून होणारी काळी पूड वाळली की पिसाचा स्पर्श झाला तरी स्फोट होतो. मुलं मोबाईलवर व्हिडिओ बघतात आणि "सर, करून दाखवा" म्हणतात. ठाम नाही म्हणायचं.

तिसरी, चांदीच्या आरशाचा प्रयोग. सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाचं द्रावण उद्याच्या बॅचसाठी राखून ठेवायचं नाही. ठेवलं की त्यात स्फोटक काळा साका बसतो. ताजं करायचं, आणि प्रयोग झाला की लगेच विरल आम्ल घालून मोडून टाकायचं. आमच्याकडं एकदा नवीन सरांनी काटकसर म्हणून रात्रभर ठेवलं होतं. सकाळी शेल्फवर चंबूचे तुकडे. खोलीत कुणी नव्हतं, देवाची कृपा.

आणि एक मत: हायस्कुलात २५ टक्क्यांची बाटली हवीच कशाला? नवसागर आणि चुनकळी नळीत घालून थोडी तापवा, वर्गाला पुरेल एवढा वायू तिथल्या तिथं मिळतो.

जुना लॅबवाला
सर, शेवटच्या मुद्द्यावर थोडा असहमत. नवसागर-चुन्यानं वायू मिळतो, पण मोरचूदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात अमोनिया घालून तो गडद निळा रंग दाखवायचा तर द्रावण हातात लागतं. तो रंग एकदा बघितलेलं पोर जन्मभर विसरत नाही. मी म्हणेन, विरल द्रावण ठेवा. १०० मिलीच्या वर शाळेला वर्षाला लागत नाही. अर्धा लिटर स्वस्त पडतो म्हणून आणतात, आणि उरलेला पुढच्या माणसाच्या डोक्यावर बसतो. बाईंच्या तर अक्षरशः डोक्यावरच्या फळीवर.

पीयूसी केमिस्ट्री
काका, तो निळा रंग माझ्या लक्षातच नव्हता. मान्य. विरल द्रावण, लहान बाटली. फक्त ते निळं पाणी मोरीत नको, तांबं आहे त्यात.

वडगाव नाका
मला चिठ्ठीबद्दल बोलायचंय. बाईंनी लिहिलंय की शिपाईमामा म्हणाले वास घ्या. यात मामांची चूक नाही. आपल्या भागात शिपाई कन्नड शाळेत शिकलेला, झाडणाऱ्या मावशी मराठी वाचणाऱ्या किंवा न वाचणाऱ्या, आणि बाटलीवरची चिठ्ठी इंग्रजी. ज्याच्या हातात बाटली जास्त वेळा येते त्याला ती वाचताच येत नाही. माझी आई २० वर्षं एका शाळेत झाडलोट करायची. तिला एवढंच सांगितलेलं, "त्या कपाटाला हात लावू नको." का, ते कुणी सांगितलं नाही. एकदा फरशीवर सांडलेलं काहीतरी तिनं पाणी समजून ओल्या फडक्यानं पुसलं. हाताची कातडी आठ दिवस सोलत होती. तिनं कुणाला सांगितलंही नाही, नोकरी जाईल म्हणून.

प्रत्येक बाटलीला मराठी आणि कन्नड दोन्हींत चिठ्ठी लावा. आणि चित्र लावा, डोळ्याचं आणि हाताचं.

टिळकवाडी कट्टा
पाट्या कुठल्या भाषेत हा वाद इथं आयुष्यभर बघतोय, आता बाटलीवरही येणार का?

वडगाव नाका
टिळकवाडी कट्टा, तो मोठा प्रश्न आहे आणि त्याबद्दल मलाही तुमच्याइतकंच वाटतं. इथं मी माझ्या आईच्या हाताबद्दल लिहिलंय.

टिळकवाडी कट्टा
क्षमा करा. बरोबर आहे तुमचं. कन्नड मजकूर मी लिहून देतो, बायको कन्नड माध्यमात शिकवते. वर ठळक 'एच्चरिके', खाली 'मूसबेडि', म्हणजे हुंगू नका. मामांना बोलीत सांगायचं तर 'वासनी नोडब्याड्री'.

पीयूसी केमिस्ट्री
चिठ्ठीवर चार ओळी पुरतात: नाव आणि किती टक्के, काय करतं (डोळे, नाक, कातडी झोंबते), कशाजवळ ठेवू नये, आणि उघडल्याची तारीख. पेन्सिलीनं लिहा, वर पारदर्शक टेप. शाई वाफेनं उडते, पेन्सिल टिकते. जुन्या बाटल्यांवर नारिंगी चौकोनात काळी फुली दिसेल, ती झोंबणाऱ्या पदार्थाची जुनी खूण. आता लाल कडेच्या हिऱ्याच्या आकारात उद्गारचिन्ह असतं. २५ टक्के अमोनियावर मात्र हात आणि धातू खाणाऱ्या द्रवाचं चित्र असतं, म्हणजे झोंबण्याच्या पुढची पायरी. पोरांना या खुणा दाखवा, घरच्या बाटल्यांवरही सापडतात.

राजहंसगड
सरकारी बाजू कुणी सांगेल का? शाळेनं असं काही टाकायला परवानगी लागते?

मोल
घातक कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत, आणि कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय बेळगावात आहे. असा कचरा नेण्याची अधिकृत जागा बेंगळुरूजवळ डाबसपेठला आहे. उदासीन केलेल्या अमोनियासाठी तिथवर जायची गरज नाही. पण पारा, क्रोमियम, शिसं, आर्सेनिक यांचं काहीही कपाटात असेल तर ते मोरीत नाही, कचऱ्यात नाही, खड्ड्यात नाही. वेगळ्या डब्यात, चिठ्ठी लावून, कुलपात. मुख्याध्यापकांनी मंडळाला पत्र लिहायचं. एकट्या शाळेच्या दोन बाटल्यांसाठी गाडी येणं अवघड, म्हणून तालुक्यातल्या शाळांनी मिळून यादी केली तर बरं.

बाई, कपाटात नारिंगी स्फटिक दिसतात का?

कणकुंबीचा पाऊस
मोल सर, आहेत. पोटॅशियम डायक्रोमेट, अर्धी बाटली. आणि थर्मामीटर फुटलेला पारा औषधाच्या छोट्या शिशीत. दोन्ही आज वेगळ्या डब्यात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवले.

आता रविवारचं सांगते, कारण बाटली संपली!

लॅबवाला काकांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी साडेसातला शाळेत गेले. मामा आणि आमचे पीटीचे सर सोबत. मैदानाच्या कडेला, वारा पाठीवर घेऊन टेबल मांडलं. बाटली दीड तास आडाच्या पाण्यात. चष्मे दोनच होते, म्हणून पीटीच्या सरांना लांब नळापाशी उभं केलं, नळ आधीच चालू करून. मामांनी विचारलं, "बाई, एवढं कशाला?" मी त्यांना नर्सताईंनी लिहिलेलं त्या मुलाचं सांगितलं. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतःच दुसरी पाण्याची बादली भरून आणली.

पहिल्या पाव फेऱ्याला बारीक 'सूं' असा आवाज आला आणि फडक्याची कड हलली. मी हात काढून मागं झाले. दोन मिनिटांनी परत. चौथ्या खेपेला आवाज थांबला. बूच अर्धं वर आलेलंच होतं. तांबडा लिटमस बाटलीच्या तोंडापासून चार बोटं वर असतानाच निळा व्हायला लागला, कडेकडून आत, जसं टीपकागदावर शाई पसरते. कांडीचा पांढरा धूर बघून मामा म्हणाले, "हेच ते कपाटातलं पीठ!" मला वर्गात समजवायला अर्धा तास लागला असता ते त्यांनी एका क्षणात ओळखलं.

प्लास्टिकच्या टबात दहा लिटर पाणी, त्यात अमोनिया कडेनं हळू सोडला. मग लिंबूफूल एका वेळी दोन चमचे, लाकडी काठीनं ढवळत. पाणी जरा कोमट झालं. सामूचा कागद आधी जांभळा, मग निळा, निळसर हिरवा. २०० ग्रॅममध्येच हिरवा झाला. म्हणजे बाटलीतला बराच वायू इतक्या वर्षांत उडून गेला होता, तोच सगळ्या बाटल्यांवर बसलेला. ते पाणी आणखी पाण्यात मिसळून आडापासून आणि ओढ्यापासून लांब, माळावरच्या गवतात पसरून ओतलं. बाटली तीनदा धुतली, ते पाणीही टबातच घेतलं होतं.

आता सगळ्यात खालच्या फळीवर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये फक्त १०० मिली विरल अमोनिया राहील, तोही नवा आणून. चिठ्ठ्या मराठी आणि कन्नडमध्ये नववीच्या मुलींनी लिहिल्या. डोळ्याचं चित्र त्यांनी इतकं मोठं काढलंय की पापण्यासुद्धा मोजता येतील.

एक गोष्ट राहिली. मागच्या कोपऱ्यात अजून एक बाटली निघाली, चिठ्ठी पूर्ण गेलेली, आत पिवळसर द्रव, झाकणाभोवती खडे. तिचं काय करू?

जुना लॅबवाला
शाब्बास बाई. तिला हात नका लावू. झाकण मुळीच फिरवू नका, आत काय आहे ते माहीत नसताना झाकणाभोवती खडे असले की ते फिरवण्यातच धोका असतो. हलवायची गरज नाही, आहे तिथंच राहू द्या. त्या कोपऱ्याला दोरी बांधा, चिठ्ठी लावा 'अनोळखी, स्पर्श नको', दोन्ही भाषांत. मोल सर म्हणाले त्या यादीत तिचं नाव पहिलं लिहा.

नर्सताई निपाणी
पीटीच्या सरांना नळापाशी उभं केलंत ते वाचून डोळे भरून आले हो.

जांबोटी घाट
बाई, मी तुमच्याच तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला शिकवतो. आमच्या कपाटात अशा नऊ बाटल्या आहेत, तीन बिनचिठ्ठीच्या. वाचत होतो, लिहायला धीर होत नव्हता. यादी करायची असेल तर येत्या शनिवारी दुपारी खानापूरला येतो. वही घेऊन येतो.

कणकुंबीचा पाऊस
या सर. स्टँडवर उतरलात की निरोप द्या, मामा घ्यायला येतील.